देवळाच्या आवारातील पहिले धडे

देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे प्रथम भिंती खरवडल्या जातात. वर्षानुवर्षांचे चुन्याचे थर, समईच्या काजळीचे डाग, उत्सवात मंडप बांधण्यासाठी कोणी ठोकलेल्या खुंट्या, आणि खालच्या अंगाला, मुलांचा हात पोचेल तिथवर, कोळशाने वा गेरूने काढलेली वेडीवाकडी चित्रे, हे सर्व एक-दोन दिवसांत निघून जाते. त्यात कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. देवाचे घर स्वच्छ हवे आणि कळी पडलेल्या भिंतीला नवा गिलावा हवाच. मात्र अशाच एका खेडेगावातील देवळाच्या भिंतीवर शाळकरी पोराने काढलेल्या चित्रामुळे महाराष्ट्राला एक थोर शिल्पकार लाभला, ही हकिकत जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी आठवण्याजोगी आहे.

गाव सासवणे. अलिबाग तालुक्यात, मांडव्याजवळ, समुद्रकाठी नारळी-पोफळीत दडलेले. होडीने पलीकडे गेले की मुंबई. परंतु त्या काळी सासवण्याच्या मुलाला मुंबई फार लांब होती. या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना नानासाहेब करमरकर म्हणून ओळखू लागला. घरची राहणी बेताची. मात्र घरात गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती, आणि हीच विनायकाची पहिली शाळा म्हणावयास हरकत नाही.

गणपतीच्या मूर्ती होतात त्या घरात आषाढ-श्रावणात काय चालते, हे कोकणातील वाचकांना सांगावयास नको. माती भिजते, मळली जाते, खडे निवडले जातात. ओटीवर, पडवीत, जिथे जागा मिळेल तिथे पाट मांडले जातात. लहान मुलांना प्रथम मळणीचे काम, मग उंदीर, मग मोदक, मग हात. सोंडेचे वळण थोरल्यांनी द्यावे, आणि डोळ्यांची आखणी तर घरातल्या सर्वांत स्थिर हाताने करावी. चतुर्थीचा दिवस ठरलेला, त्यामुळे काम पुढे ढकलण्याची सोय नाही. कोणत्याही कलाशाळेत इतक्या काटेकोरपणे तारीख पाळली जात नसेल! शिवाय दीड दिवसाने किंवा दहा दिवसांनी आपल्या हातची मूर्ती आपणच पाण्यात सोडावयाची. पुढल्या वर्षी पुन्हा गोळ्यापासून आरंभ. हाताला वळण लागते ते असे.

विनायकाचा हात मात्र मातीपुरता थांबला नाही. गावातील देवळाच्या भिंतीवर त्याने शिवछत्रपतींचे चित्र काढले. त्या सुमारास ऑटो रॉथफील्ड हे गोरे अधिकारी कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याचे, कलेक्टर होते. फिरतीवर असता त्यांच्या नजरेस ते चित्र पडले. काढणारा कोण, याची त्यांनी चौकशी केली. पोराला समोर आणले गेले, आणि साहेबांनी त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची तजवीज केली.

या हकिकतीत रॉथफील्डसाहेबांची गुणग्राहकता सर्वजण वाखाणतात, आणि ते योग्यच आहे. हा गृहस्थ नुसता सारा वसूल करणारा नव्हता. हिंदुस्थानातील स्त्रियांवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाला रावबहादूर धुरंधरांनी चित्रे काढली होती. चित्र म्हणजे काय, हे त्यांना कळत होते. पण आणखी एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चित्र साहेबांच्या दृष्टीस पडले, याचा सरळ अर्थ असा की तोवर गावातल्या कोणी ते पुसून टाकले नव्हते. देवळाची भिंत ही सर्वांच्या मालकीची. त्यावर पोराने रेघोट्या ओढल्या तर पुजाऱ्याने कान पिळावा, पंचांनी बापाला बोलावून घ्यावे आणि सणाच्या आधी चुन्याचा एक हात मारून मोकळे व्हावे, ही आपल्याकडची रीत. सासवणे गावात यांपैकी काही घडले असते, तर कलेक्टरसाहेबांना कोरी भिंत दिसली असती आणि ते पुढल्या गावी निघून गेले असते. ते चित्र राहू देणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या देवळोदेवळी आढळतात, परंतु अशा दानाची पाटी कोणी लावीत नाही.

मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये त्या वेळी शिक्षणाची पद्धत सगळी विलायती होती. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवावयाचे आणि त्यांवरून हात बसवावयाचा. खेड्यात मातीच्या गोळ्यातून गजानन घडविणाऱ्या मुलाला हे जग नवेच होते. पण याच शाळेत त्याच्या आधी पंधरावीस वर्षे गणपतराव म्हात्रे नावाच्या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, देवदर्शनास निघालेल्या मराठी स्त्रीचा 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा १८९६ साली घडवून सर्वांना थक्क केले होते. विलायती साच्यांवर बसलेला हात आपल्या आळीतल्या बाईला मूर्तीत आणू शकतो, हे त्या पुतळ्याने दाखवून दिले होते. करमरकरांनी शाळेचे मेयो पदक मिळविले. पुढे कविवर्य रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले आणि तेथे त्यांनी आपला कारखाना थाटला. १९२० साली ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकले, धातूच्या ओतकामाची माहिती करून घेतली आणि १९२३ च्या सुमारास परत आले.

सासवण्याच्या भिंतीवरील शिवाजीमहाराज त्यांना पुन्हा भेटले ते त्यानंतर. पुण्यास शिवछत्रपतींचे स्मारक उभारावे, ही राजर्षी शाहू छत्रपतींची मनीषा होती. १९२१ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, परंतु पुढल्याच वर्षी शाहूमहाराजांचे देहावसान झाले. हे काम राजाराममहाराजांच्या काळात तडीस गेले, आणि पुतळा घडविण्याची जबाबदारी करमरकरांकडे आली. तो अश्वारूढ पुतळा त्यांनी तुकड्यातुकड्यांनी न करता मुंबईस माझगावच्या ओतशाळेत एकसंध ओतून घेतला. त्या काळी हे धाडसच होते, कारण ओतकामात एक चूक झाली की सगळा पुतळा वाया. १६ जून १९२८ रोजी पुण्याच्या शिवाजीनगर भागात, ज्याला तेव्हा भांबुर्डे म्हणत, त्या पुतळ्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर कोळशाने रेखलेल्या महाराजांपासून ब्राँझच्या महाराजांपर्यंतची वाट अशी मुंबई, कलकत्ता आणि लंडन फिरून आली.

इतके मोठे नाव मिळवूनही नानासाहेब अखेरीस सासवण्यालाच परतले. घराभोवती त्यांनी आपल्या शिल्पांचा संसार मांडला. अंगणातील त्यांची सिमेंटची म्हैस प्रसिद्ध आहे. प्रथमच गेलेला माणूस क्षणभर बिचकतो. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे घर आज शिल्पांचे संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. विनायकाला देवळाची भिंत हाताशी होती, कारण त्याला देवळात जाता येत होते. त्याच काळात गावोगावी अशी कितीतरी मुले होती की ज्यांनी देवळाची भिंत लांबूनच पाहिली. त्यांच्यापैकी कोणाच्या बोटांत किती कला होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. कुंभार, लोहार, सुतार यांच्या हातावाचून देऊळ उभे राहत नसे, आणि ज्यांनी दगड वाहिला त्यांतल्या कित्येकांना तो बसल्यावर त्याला शिवण्याची बंदी होती!

ही सल मनाला लागलेला एक लेखक कोकणातच जन्मला होता. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच सानेगुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातील पालगडचा. घराणे एके काळी खोतांचे, पुढे परिस्थिती खालावलेली. दापोलीस शिक्षण, मग फी परवडेना म्हणून औंधास, तेथे हाताने भाकरी भाजून शिकणे, नंतर पुणे, असा त्यांचा विद्यार्थिदशेचा प्रवास. १९१७ साली आई गेली. पण लेखक म्हणून त्यांची घडण कोणत्या शाळेत झाली, असे विचारले तर त्यांनी आईचेच नाव सांगितले असते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले 'श्यामची आई' हे पुस्तक म्हणजे त्या शाळेचीच हकिकत आहे. देवापुढे हात जोडावयास शिकविणारी आणि त्याच श्वासात माणसाला शिवून विटाळ होत नाही असे सांगणारी आई ज्याला लाभली, त्याला बंद देऊळ सोसवेना हे स्वाभाविक होते. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून देवळे खुली करण्यासाठी गावकऱ्यांची मने वळविली, आणि शेवटी १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्यांना हा इतिहास केवळ पुस्तकातला वाटतो, त्यांनी गावातल्या वृद्धांना विचारून पाहावे.

देवळाच्या आत ज्यांना प्रवेश होता, परंतु मान नव्हता, अशांची कथा आणखी वेगळी आहे. त्यासाठी कोकणातून खाली गोव्यात उतरावे लागते. गोमंतकातील देवस्थानांत गायन-नृत्याची सेवा कलावंत घराण्यांतील स्त्रियांकडे असे. पालखीपुढे गाणे, उत्सवात रात्री जागविणे हे त्यांचे काम. देवाला त्यांचे गाणे चाले, समाजाला त्यांच्याशी सोयरीक चालत नसे. याच घराण्यांनी हिंदुस्थानी संगीताला किती दिले, त्याचा हिशोब मांडावयास बसले तर या स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत.

मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या येसूबाई या त्यांपैकीच एक. त्यांचे चिरंजीव दीनानाथ २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मले. वडील गणेशभट्ट मंगेशाच्या अभिषेकाचे काम करीत. मुलाने आडनाव घेतले ते गावचे, मंगेशकर. संगीताचे प्रारंभीचे धडे त्यांनी बाबा माशेलकरांकडे घेतले, मिसरूड फुटण्याच्या वयात ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि १९१८ साली त्यांनी भागीदारीत स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांच्या अपत्यांबद्दल येथे लिहिण्याची गरज नाही. केरीच्या केसरबाई केरकर, जन्म १८९२, यांची तालीम अशीच तुकड्यातुकड्यांनी झाली. आठव्या वर्षी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे येतील तेव्हा त्यांच्याकडे, मग मुंबईस आणखी गुरू. अखेर १९२१ पासून उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे अखंड. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर पृथ्वीवरील निवडक संगीत आहे. त्यात हिंदुस्थानातून गेलेला आवाज केरी गावच्या या बाईंचा आहे.

मोगूबाईंचे बालपण मात्र सावकाश सांगण्यासारखे आहे. सांगे भागातील कुर्डी हे त्यांचे गाव. जन्म १५ जुलै १९०४. आई जयश्रीबाई. मुलीच्या गळ्यात काहीतरी आहे हे प्रथम आईने ओळखले, आणि आपण जे आयुष्य काढले ते मुलीच्या वाट्यास न यावे, तिने गाण्यात नाव काढावे, असा तिचा ध्यास होता. हाताशी पैसा नाही, गावात गवई नाही. मग तिने जवळ होते ते धरले. जांबावलीच्या देवस्थानी हरिदासाकडून मुलीला पदे-भजने शिकविली. कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ओळ उचलावी, ताल सुटला तर टाळकऱ्याकडे पाहून सावरावे, ही ती तालीम. त्यानंतर पर्वतावरील देवाच्या नावाने चालणारी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी नावाची नाटक कंपनी होती, तीत मुलीला घातले. ध्रुवाची, प्रल्हादाची कामे तिच्याकडे आली. १९१४ साली जयश्रीबाई निवर्तल्या. मोगू तेव्हा दहा वर्षांची. पोरकी मुलगी, परगावची कंपनी, आणि आईने सांगून ठेवलेली एकच गोष्ट. बाकी जवळ काही नव्हते.

पुढे त्या सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. तेथे चिंतुबुवा गुरव गाणे शिकवीत. १९१९ च्या सुमारास प्रकृती बिघडली म्हणून त्यांना औषधपाण्यासाठी सांगलीस आणले गेले. त्याच वेळी अल्लादिया खाँसाहेबही सांगलीच्या वैद्यांकडे उपचारासाठी राहिले होते. रस्त्याने जाता-येता एका घरातून येणारे मुलीचे गाणे त्यांच्या कानी पडे, आणि एके दिवशी ते स्वतःच त्या घरात आले, असे सांगतात. शिकविणारा कोण आहे याची त्या मुलीला प्रथम कल्पनाही नव्हती! सुमारे दीड वर्ष ही तालीम चालली. मग खाँसाहेब मुंबईस गेले.

मोगूबाई त्यांच्या मागोमाग मुंबईस आल्या, पण तेथे दार लगेच उघडले नाही. खाँसाहेबांच्या इतर शिष्यांच्या अटी आड आल्या. मग आग्रा घराण्याच्या बशीर खाँ व विलायत हुसेन खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांची तालीम मिळाली, तीही काही वर्षांनी थांबली. शेवटी १९३४ साली खाँसाहेबांनी स्वतः गंडा बांधला. कुर्डीपासून जांबावलीपर्यंत चालत नेणाऱ्या आईला जाऊन तेव्हा वीस वर्षे लोटली होती. ही गुरुकृपा खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, टिकली. १९७४ साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यांची कन्या किशोरी आमोणकर हिला त्यांनी हीच विद्या दिली. २००१ साली मोगूबाई कालवश झाल्या.

मुंबईकर गावकरी गावच्या देवळासाठी जी वर्गणी धाडतात, तिच्या मागे बहुधा अशीच काही आठवण असते. कोणी सप्ताहात मृदंगावर पहिली थाप मारलेली असते, कोणी दशावतारात अर्धी रात्र राक्षसाच्या फौजेत उभे राहिलेले असते. प्रत्येकाचे मंगेशकर वा करमरकर होत नाहीत, आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. सासवण्याच्या देवळातसुद्धा एकच विनायक निघाला.

कुर्डी गावाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. साळावली नदीवर धरण झाले आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत गाव उठवून अन्यत्र वसविण्यात आला. घरे, शेते, माड पाण्याखाली गेले. मोगूबाईंचे घरही त्यांत गेले. परंतु दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, धरणाचे पाणी ओसरते आणि जुना गाव वर येतो. घरांची जोती दिसू लागतात, वाटा उमटतात, आणि सोमेश्वराचे लहानसे देऊळ उघडे पडते. ठिकठिकाणी पांगलेले कुर्डीकर तेवढ्या दिवसांत परत येतात, देवळाभोवतीचा गाळ काढतात आणि देवाचा उत्सव करतात. पावसाला सुरुवात झाली की पाणी पुन्हा चढते.